फाटक

सुरय्या खुर्चीत बसली आणि लोंढे सरांनी तिच्या डोक्यावर टोपी चढवली. सरकारी आयटीआयमधल्या याच टोपीने एका दुपारात तिच्या डोक्यात वेल्डिंग उतरवलं होतं. आज ते काढून घ्यायचं होतं.

“सर, थोडे दिवस थांबा ना. चाकणच्या एका कारखान्यात बोलणं चाललंय माझं.”

“पास होऊन वर्ष झालं, पोरी. नोकरी न लागलेला एक जरी वेल्डर निघाला तरी आपलं अनुदान बंद होतं.”

“म्हणून शिकवलेलं परत घ्यायचं?”

“तू वेल्डरच राहिली नाहीस, तर तुला बेकार वेल्डर कोण म्हणेल?”

हे वाक्य प्राचार्यांचं होतं. सरांनी ते पाठ केलं होतं. त्यांनी बटण दाबलं. शिकलेलं गेलं की त्या हातांनी केलेलं कामही आठवत नाही, हे मात्र त्यांनी तिला सांगितलं नाही.

बाहेर पेंटर नवा फलक रंगवत होता: ‘आमचे सर्व वेल्डर नोकरीत.’ खोटं त्यात काहीच नव्हतं.

सर तिला फाटकापर्यंत सोडायला आले. हे फाटक सुरय्यानेच परीक्षेसाठी जोडलं होतं. ती थांबली आणि एका सांध्यावरून तिने हळूच बोट फिरवलं.

“किती सफाईदार काम आहे. कुणी केलं, सर?”

सरांनी एकदा प्राचार्यांच्या खिडकीकडे पाहिलं.

“बाहेरून करून घेतलंय,” ते म्हणाले.