बिनकुलपाची खोली

"पोरगी भाईर काढ!" हौसराव समाजमंदिराच्या पायरीखालूनच ओरडले. पायरीवर मात्र त्यांनी पाय ठेवला नाही.

दारात महेंद्र उभा होता. त्याने नमस्कारही केला नाही आणि वाटही अडवली नाही. "नात तुमची हाय, आबा. तुम्हीच हाक मारा," एवढंच म्हणाला.

हौसरावांची कानशिलं तापली. घडीभरापूर्वी डेअरीवर दूध घालताना कुणीतरी दात काढत सांगितलं होतं, तुमची राजनंदिनी बौद्धवस्तीत कंप्युटर शिकायला जाते म्हणून. किटली तिथंच टाकून ते निघाले होते. साऱ्या गावातून ताडताड चालत आले होते.

या कंप्युटरांचं नाव काढलं तरी त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. महेंद्र याच वस्तीतला. आता कारेगावात राहून कारखान्यात सुपरवायझर झालेला. उन्हाळ्यात तो शाळेत आला. मित्रामित्रांनी मिळून गावच्या पोरांसाठी साधे कंप्युटर तयार करून घेतले होते. तळहातावर मावेल एवढी डबी आणि तिला जोडलेले ऑफिसातले जुने मॉनिटर. साध्या मोबाइलपेक्षाही स्वस्त. ते शाळेला फुकट द्यायचे होते. अट एकच होती. "खोलीला कुलूप नको, आबा. शाळा सुटल्यावरबी कुठल्याबी पोरानं यावं, हात लावावा. मोडलं तर आम्ही बदलून देऊ."

हौसराव शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांच्यापुढं अट घालायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती, आणि घालणारा वस्तीतला! "असली खेळणी आमच्या शाळंला नकोत," ते म्हणाले होते. "लईच पुळका आला असंल तर न्हे तुझ्या वस्तीत, आन् मांड दुकान." समितीने माना डोलावल्या. सगळ्यांत जोरात समितीतला त्यांचा खास माणूस ईश्वर याने डोलावली. गावठाणातलं एकही पोर तिकडं फिरकता कामा नये, हेही त्यानेच सुचवलं होतं.

महेंद्रने कंप्युटर खरंच वस्तीच्या समाजमंदिरात मांडले. आणि आता हौसरावांचीच नात तिथं जाऊन बसली होती.

"नंदे!" त्यांच्या आवाजाने आतली कुजबुज थांबली. "कुणी आणली तुला हितं? नाव सांग त्याचं. तंगडं मोडून हातात देतो!"

"मी आणली, आबा."

आवाज ओळखीचा होता. दारात हौसरावांची सून आली. मोनालीने पदर कमरेला खोचला होता, बोटं खडूने पांढरी झाली होती. दौंडला माहेरी असताना तिने कंप्युटरची पदवी घेतली होती. ती पदवी लग्नात हौसरावांनीच पाव्हण्यारावळ्यांत मिरवली होती. लग्नानंतर तिने नोकरीचा विषय काढला, तेव्हा "आपल्या घरातल्या बाया कामाला जात न्हाईत" म्हणून त्यांनीच तो मिटवला होता. रोज दुपारी ती शिवणक्लासला जाते, असं ते धरून चालले होते.

"घरी चल," ते दातओठ खात म्हणाले. "दोघीबी. आत्ताच्या आत्ता."

"नंदाचा नंबर आत्ताच लागलाय," मोनाली म्हणाली. ती जागची हलली नाही. "अजून पोरं आहेत माझ्यापुढं. क्लास सुटेपर्यंत थांबा, नाहीतर आत या."

"मॅडम, माझं चित्र गेलं!" आतून एक पोर ओरडलं.

"आले रे," म्हणत ती वळली. सासऱ्याकडे पाठ करून जाण्याची तिची ही पहिलीच वेळ.

महेंद्रने आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि भिंतीच्या सावलीत ठेवली. "बसा. शाळंत मी आलो तवा मला कुणी बस म्हणलं न्हवतं. पर तुम्ही बसा."

हौसरावांनी खुर्चीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता. संध्याकाळी समिती बोलवायची. समाजमंदिराची लाइट तोडायला लावायची. सुनेला दौंडला धाडायचं, नात ठेवून घ्यायची. या पोराला कारेगावातून इकडं फिरकू द्यायचं नाही. गाव आपल्या शब्दाबाहेर नाही. ईश्वरला नुसतं सांगायचा अवकाश.

तेवढ्यात मोटारसायकल आली आणि समाजमंदिरापाशी थांबली. स्वाराने इकडंतिकडं न बघता सवयीने हॉर्न वाजवला.

"पप्पा, अजून पाच मिनिटं!" आतून आवाज आला. "आमच्या पप्पांनाबी थांबायला सांगा, काका!" दुसरा आला. मग तिसरा. हौसरावांनी एकेक आवाज ओळखला. समितीतलं एकही घर सुटलेलं नव्हतं.

मोटारसायकलवरून ईश्वर उतरला. त्याची नजर हौसरावांवर पडली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो एकदा त्यांच्याकडे, एकदा रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याचा चेहरा उजळला.

"आबा," तो सुटकेचा श्वास टाकत म्हणाला, "तुम्हीबी न्यायला आला व्हय?"

महेंद्र दारातून बघत होता.

"व्हय," हौसराव म्हणाले, आणि खुर्चीवर बसले.