आबांच्या तारा

भिकाजीआबांच्या मेंडोलिनच्या तारा त्यांच्याच पद्धतीने लावलेल्या. स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तशी जुळणी नव्हती, म्हणून भूगावहून गावी, रिह्याला आलेली त्यांची सून वैशाली ती नव्याने भरत होती. ती तारेवर बोट ठेवायची, आबा त्या तारेचा सूर सांगायचे.

दारात उभ्या तिच्या नवऱ्याचा, रत्नदीपचा जळफळाट झाला. लहानपणापासून मागे लागूनही वडिलांनी त्याला एक तार लावायला शिकवली नव्हती.

"आबा, पोटच्या पोराला कधी सांगितलं नाहीत, आणि सुनेला सगळं सांगताय?"

आबांनी वैशालीकडे पाहिलं. "काय म्हणतोय गं त्यो?"

वैशाली त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "हे विचारतायत, तारांचे सूर मी कुणासाठी लिहून घेतेय!"

"त्याच्यासाठीच की. तवा शिकवायचं ऱ्हाऊन गेलं, आन् मला आता सूर ऐकू येत न्हाई, त्याला शिकवू कसा?"