बुटात ठेवलेलं व्हेप

"पक्कड खाली ठेव," सादिरबाय आपल्या मुलाला म्हणाला.

एर्मेकने ठेवली नाही. पकडीच्या जबड्यात त्याचं व्हेप होतं. सिगारेटऐवजी ओढायची, बोटाएवढी जाड धातूची नळी. वर रसाची कुपी, खाली बॅटरी. कुपीतला जर्दाळूच्या वासाचा रस संपला होता. नवी कुपी खिशात तयार होती, पण जुनी काही केल्या सुटत नव्हती.

"खाली बॅटरी आहे म्हणतोस आणि तिलाच चिमटतोस? फुटली तर बोटं जातील तुझी."

"मग चुलीशी धरून गरम करतो."

"शहाणाच आहेस. म्हणजे तंबूही जाईल." म्हाताऱ्याने हात पुढे केला. "आण इकडे. आणि एवढं चिकटलं कसं हे?"

एर्मेकने मान खाली घातली. बापासमोर धूर काढायचा नाही, ही डोंगरातल्या त्या कुरणांवरची रीत. उन्हाळ्यात शहरातून इथे आल्यापासून तो व्हेप बुटात उलटं खोचून ठेवत होता. रस झिरपत झिरपत आट्यांत उतरला होता आणि तिथेच पाकासारखा वाळला होता.

"बुटात होतं, अताके," त्याने बापाला सांगितलं.

"चाळिशी आली लेका तुझी," बाप म्हणाला. "पहिल्याच दिवशी तुझ्या बुटाला जर्दाळूचा वास येत होता. म्हटलं, पोराचे पाय तरी गोड झाले."

एर्मेकला हसू आलं नाही. गेल्या हिवाळ्यात त्याच्या मुलीचा, सेझिमचा, श्वास कोंडला होता. त्या दिवशी त्याने सिगारेटी टाकल्या. तेव्हापासून झोपायच्या आधी ती रोज त्याच्या कॉलरचा वास घ्यायची आणि मगच डोळे मिटायची. तो टिकला होता तो या नळीच्या आधारावर. आता आधारच अडकला होता, आणि पलीकडच्या तंबूत तोक्तोशकडे सिगारेटची पाकिटं होती.

सादिरबायने आधी व्हेप बंद करायला लावलं. चिंधीचं टोक वोडकात नावापुरतं भिजवलं, पिळलं आणि जोडावरून फिरवलं. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी वर गुंडाळली.

"ओल्या दोराची गाठ सोडताना लहानपणी तुला काय सांगायचो? ओढायचं नाही. इथेही तसंच. दोन्ही हात जोडाजवळ धरायचे, हळूच फिरवून बघायचं. हललं नाही तर थांबायचं. जोर केलास तर आटे मरतात. मुरू दे जरा. तू जा, धारा काढ."

दुभत्या घोड्यांच्या धारा दिवसभर पुन्हा पुन्हा काढाव्या लागतात. त्यांची कास लहान, दूध साठत नाही. शिंगराला आचळाशी लावायचं, पान्हा फुटला की ओढून बाजूला घ्यायचं. एर्मेक पहिली बादली घेऊन परतला तेव्हा म्हातारा पाठमोरा बसला होता.

"सुटलं?"

"छे." म्हाताऱ्याने मूठ कोटाच्या आतल्या खिशात घातली. "छातीच्या उबेला राहू दे. तोवर ती शिंगरांची दावण ढिली झालीय, ती बघ."

दुसऱ्या धारेनंतर तेच. तिसऱ्या धारेनंतरही तेच. एर्मेकला तलफ आवरेना. शिंगरावर तो विनाकारण खेकसला.

दुपारी तोक्तोश किमिझ प्यायला आला. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा त्याने एका दमात रिकामा केला आणि बाहेर येऊन एर्मेकपुढे पाकीट धरलं.

"त्या पिपाणीची वाट बघत बसलायस होय? घे एक. बाप आत आहे, कोण बघतंय?"

एर्मेकने सिगारेट घेतली. बोटांत धरली. तंबाखूचा वास थेट डोक्यात गेला. समोरच्या गवतात सेझिम एका शिंगराशी गप्पा मारत होती. मधेच खोकली, पुन्हा बोलायला लागली.

त्याने सिगारेट तोक्तोशच्या टोपीच्या काठात खोचली.

"संध्याकाळपर्यंत सुटेल ते," तो म्हणाला.

"आणि नाही सुटलं तर?"

"तर उद्या सुटेल." आणि तो बादली उचलून घोड्यांकडे गेला.

मग त्याने दावणीचे खुंटे नव्याने ठोकले. ओढ्यावरून पाणी आणलं. पुन्हा धार, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा बापाची नकारार्थी हललेली मान. एकदा वाटलं, हिसकावून घ्यावं आणि दगडावर आपटावं. त्याने त्याऐवजी दगडच उचलून शेवटचा खुंटा ठोकला.

ऊन डोंगरामागे गेलं. शेवटची बादली ठेवून एर्मेक बापाशेजारी बसला. सादिरबायने खिशातून व्हेप काढून त्याच्या हातावर ठेवलं. पट्टी नव्हती.

"बघ आता."

एर्मेकने दोन्ही हात जोडाजवळ धरले, श्वास रोखला आणि हळूच फिरवलं. जोर लावावाच लागला नाही. दोन बोटांत कुपी अलगद वेगळी झाली.

त्याने नवी कुपी काढली आणि तो थबकला. आटे लख्ख पुसलेले होते. चिकटा नव्हता, वोडकाचा वासही नव्हता. सगळं कधीचं कोरडं होतं.

"अताके, हे कधी सुटलं?"

"सकाळी," सादिरबाय म्हणाला. "पहिल्या धारेला."

एर्मेकच्या कानशिलापर्यंत राग चढला. तो काही बोलणार तेवढ्यात सेझिम धावत आली, त्याच्या गळ्यात पडली आणि तिने कॉलरमध्ये नाक खुपसलं.

"आज जर्दाळूचाही वास नाही," ती म्हणाली. "नुसता घोड्यांचा."

एर्मेकने नवी कुपी परत खिशात टाकली. मग त्याने जुनी रिकामी कुपी पुन्हा बसवली, घट्ट फिरवली आणि व्हेप बापाच्या तळहातावर ठेवलं.

"उद्याही अडकू द्या, अताके."