पाच ते सहा

कोराडीच्या कर्मचारी वसाहतीतील ड्राफ्ट्समन मार्तंडरावांनी १९७९ साली आपल्या नऊ वर्षांच्या ज्योत्स्नासाठी संध्याकाळचे वेळापत्रक ट्रेसिंग पेपरवर आखले. चार ते पाच गणित, पाच ते सहा पेटीवादन, सहा ते सात चित्रकला. शेजाऱ्यांना ते इतके पटले की त्यांनी त्याच्या निळ्या प्रती काढवून घेतल्या आणि आपापल्या मुलांसाठी भिंतीवर लावल्या.

वर्षभरात ज्योत्स्नाचे हसणे-बोलणे आटले. "तिला रोज तासभर मुलांमध्ये खेळू द्या," असे डॉक्टरांनी बजावले. मार्तंडरावांनी पेटीवादन खोडून त्या जागी 'खेळ' असे लिहिले. ज्योत्स्ना मैदानावर गेली आणि दहा मिनिटांत परतली.

"काहून आली वं?"

"बाबा, तिथं कोणीच नाही. सगळे पेटी शिकून राहिले."

मार्तंडराव तडक शेजारच्या आनंदरावांकडे गेले आणि त्यांच्या मुलीला तासभर खेळायला पाठवण्याची विनंती केली. आनंदराव दार अर्धेच उघडून हसले.



"वा गा भाऊ. तुमची ज्योत्स्ना वर्गात पहिली आली, आता आमच्या पोरीले खेळाले लावता काय?"