घरी कोण असतं?

"घरी कोण असतं?" सिस्टरने विचारलं.

"बाळ असतो."

सिस्टरचे हात कीबोर्डवर थांबले. समोर पलंगावर बसलेली बाई साठीच्या पुढची होती. "बाळ? केवढा आहे?"

"गेल्या महिन्यात एकतिसावं सरलं."

सिस्टरला हसू आलं. बाई हसली नाही. मग एकेक बाहेर आलं. बाळ जन्मापासून अंथरुणावर होता. बोलत नव्हता, बसत नव्हता. त्याला चमच्याने भरवायचं, दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं. वडील तो चार वर्षांचा असताना जे निघून गेले ते गेलेच. बाईचं हृदय थकलं होतं. धाप लागून ती या वर्षात तिसऱ्यांदा दाखल झाली होती, आणि सहा दिवस शेजारीण आपली नोकरी सांभाळून बाळकडे बघत होती.

घरी सोडायच्या पेशंटची माहिती सिस्टर संगणकात भरायची. हा माणूस महिन्याभरात परत दाखल होईल का, ते संगणक सांगायचा. वॉर्डात सगळे त्याला ज्योतिषी म्हणायचे. पण हा ज्योतिषी उपायही सांगायचा, आणि बहुतेक वेळा नेमका सांगायचा. परत येणारे पेशंट वर्षभरात निम्म्यावर आले होते. सिस्टरचा त्याच्यावर विश्वास होता.

तिने बाळबद्दल लिहिलं आणि पडद्यावरची चौकट लाल झाली. धोका एकाहत्तर टक्के. खाली उपाय होता: रुग्णावर अवलंबून असलेल्या व्यक्तीची दुसरीकडे सोय करावी, धोका बावीस टक्क्यांवर येईल.

"बघा, आजार गोळ्यांनी आटोक्यात राहतो," सिस्टर म्हणाली. "बाळला उचलून उचलून तुम्ही परत इथे येता. त्याची कुठे सोय झाली तर पाच-सात वर्षं सहज काढाल."

"त्याची सोय झाली तर मला आणखी काय हवंय?" बाई म्हणाली.

सिस्टरने ते मनावरच घेतलं. दुपारी तिने सात संस्थांना फोन लावले. पाच ठिकाणी मोठ्या माणसांना घेत नव्हते. एक संस्था बंद पडली होती. सातवी तिने स्वतः पाहिलेली होती. स्वच्छ, हवेशीर, मायेची माणसं असलेली.

"यादीत नाव घालतो," तिथला कारकून म्हणाला. "दोन-अडीच वर्षं धरा."

"तोवर त्याची आई टिकायची नाही हो!"

"मग तेव्हा कळवा. मागे कोणीच उरलं नाही, तर आम्ही त्याच दिवशी घेतो. तसा नियमच आहे."

सिस्टर तणतणत वॉर्डात आली आणि सगळं जसंच्या तसं सांगून मोकळी झाली. "काय माणसं असतात एकेक! म्हणे, मागे कोणी नसेल तर त्याच दिवशी घेतो!"

बाई पांघरुणाची घडी घालत होती. ती थांबली.

"त्याच दिवशी?"

"हो ना."

"जागा चांगली आहे का?"

"जागा चांगली आहे हो, पण तुम्हाला काय उपयोग?"

"पत्ता लिहून द्या," बाई म्हणाली.

यादीत नाव तरी लागेल, म्हणून सिस्टरने पत्ता लिहून दिला.

पलंगासाठी दुसरा पेशंट खोळंबला होता. चौकट लालच राहिली आणि डॉक्टरांनी सही केली. सिस्टरने गोळ्या दोनदा समजावल्या. एकही चुकवायची नाही, चुकवली तर छातीत पाणी भरेल. बाईने शहाण्या मुलीसारखी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी सिस्टरने फोन केला. "गोळ्या चालू आहेत ना?"

"तुम्ही अगदी काळजी करू नका," बाई म्हणाली.

सातव्या दिवशी तिला धड बोलवत नव्हतं. "आत्ताच्या आत्ता या," सिस्टर म्हणाली. "उद्या येते," बाई म्हणाली, "एवढं एक काम उरकलं की येते."

नवव्या दिवशी शेजारीण वॉर्डात आली. तिच्या हातात औषधांची पिशवी होती. "काल सकाळी गेली ती," ती म्हणाली. "हे कुणाला तरी उपयोगी पडेल. एकही पट्टी फोडलेली नाही."

लेकाचं करता करता बाई स्वतःच्या गोळ्या विसरली असणार, असं सिस्टरने मनाशी धरलं. आपणच नीट बजावलं नाही, हेही धरलं. महिना भरला तेव्हा संगणकाने बाईचं नाव परत न आलेल्या पेशंटमध्ये टाकलं. बैठकीत वरिष्ठांनी त्या महिन्याचे आकडे वाचून वॉर्डाची पाठ थोपटली. सिस्टर खाली बघत राहिली.

सुट्टीच्या दिवशी ती त्या संस्थेत गेली. बाळला उन्हात आणलं होतं. दाढी केलेली, केस विंचरलेले. संस्थेतली एक सेविका त्याला सावकाश भरवत होती.

कारकुनाने तिचा आवाज ओळखला. "तुम्हीच ना फोन केलेल्या? एवढा नीट भरलेला अर्ज मी आजवर पाहिला नाही. आईनेच भरलाय. शेजारणीने बंद पाकीट आणून दिलं."

त्याने फाईल पुढे सरकवली. चार पानं गच्च भरली होती. तो कोणत्या कुशीवर झोपतो, घास केवढा हवा, भुकेचा आवाज कसा, दुखल्याचा कसा. पहिल्या पानावर पालकांची माहिती होती. वडिलांपुढे लिहिलं होतं, 'ठाऊक नाही'. आईपुढे त्याच थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, 'वारली'.

तारीख तेवढी दुसऱ्या कुणाच्या अक्षरात होती.