कानशीच्या रेघा

ब्रिंटनसाहेबांनी डॉलर हेस्टरच्या तळहातावर ठेवला, आणि तिचा धाकटा भाऊ ईनोस खिडकीबाहेर बघू लागला.

चांदी गार होती. हेस्टरचे हात त्याहून गार. समोर पेनॉकसाहेब उभे होते. त्यांच्या कपाटातल्या मखमली खणातून एक डॉलर नाहीसा झाला होता. अठराशे छत्तीस सालचा, अस्सल. ते कपाट दुरुस्त करायला आलेला सुतार म्हणजे ईनोस. आणि महिन्याभरातच ईनोस तसाच एक डॉलर विकायला घेऊन गेला होता. आता हातातला डॉलर अस्सल ठरला, तर तो पेनॉकसाहेबांचा आणि ईनोस चोर. पोलीस खाली येऊन बसलाच होता. त्याच्या बुटांची कुरकुर वरपर्यंत ऐकू येत होती.

ईनोसचं म्हणणं वेगळं होतं. तरुणपणी तो टांकसाळीत छापाच्या यंत्रावर होता. त्या काळी वरचे साहेब लोक जुने ठसे कुलपातून काढून हौसेखातर नव्या चांदीवर नाणी पाडून घेत. साल जुनं, चांदी नवी. हा तसलाच, मागाहून पाडलेला, एका साहेबानं खूश होऊन दिलेला, असं तो सांगत होता. सांगताना मात्र जमिनीकडे बघत होता.

ब्रिंटनसाहेब नाण्यांतले जाणकार. सकाळपासून त्यांनी डोकं शिणवलं होतं. नाणं उलटवून पाहिलं, तर गरुड वर झेपावत होता. हे अस्सलाचं लक्षण. पण मागाहून पाडणारेही कधीकधी ठसा तसाच बसवत. तोलून पाहिलं. अस्सल डॉलर दोनेक गुंजा जड भरतो. पण हा इतका झिजलेला की काटाही काही धड सांगेना.

म्हणून हेस्टरला बोलावणं गेलं. टांकसाळीत तिनं बारा वर्षं कानस चालवली होती. चाळीस बायका एका लांब टेबलाशी बसत, प्रत्येकीपुढे काटा. कोरी चकती जड भरली की कड घासून वजनाला आणायची. वरून छाप बसला तरी त्या रेघा पुरत्या मिटतातच असं नाही. चकती कुणी घासली ते कळलं, तर डॉलर कधीचा तेही कळेल, असा साहेबांचा हिशेब.

"भावाची तब्येत बरी नाही वाटतं," पेनॉकसाहेब म्हणाले. "टोपी हातात घेऊन बसलाय. एरवी ही क्वेकर पंथाची मंडळी गव्हर्नर आला तरी टोपी काढायची नाहीत."

हेस्टरनं ते दारातूनच पाहिलं होतं. पंचावन्न वर्षांत कुणा साहेबापुढे ईनोसचं उघडं डोकं तिला दिसलं नव्हतं.

तिनं डॉलर उजेडाकडे धरला. कडेला, छाप नीट न दबलेल्या जागी, पाच बारीक रेघा होत्या. एका नजरेत तिला कळायचं ते कळलं.

गावातल्या तुरुंगात माणसाला एकटं कोंडत. वर्षानुवर्षं दुसऱ्या माणसाचा आवाज नाही. आणि ईनोसला तर घरातलं घड्याळ बंद पडलं तरी झोप लागत नसे.

"ही माझी कानस," ती म्हणाली.

पेनॉकसाहेब हसले. तीस वर्षांनी? हजारो चकत्यांमधली एक?

"साहेब, तुमच्या स्वयंपाकीणबाईंपुढे दहा ॲपल-पाय मांडा. त्यातला आपण कड दुमडलेला ॲपल-पाय कुठला, ते त्या सांगतील की नाही?"

ब्रिंटनसाहेब हसले नाहीत. ते भिंग घेऊन तिच्या शेजारी येऊन बसले. हेस्टरनं आवाज पडू दिला नाही. तिनं दाखवलं, रेघ इथं खोल रुतते आणि पलीकडे विरत जाते. उजव्या हाताची कानस अशीच चालते. शेवटच्या रेघेला जराशी गिरकी आहे, कारण तिचं मनगट वळायचं. त्यावरून मुकादमीण तिला दहा जणींत बोलायची.

साहेबांनी बराच वेळ पाहिलं. "उजव्या हाताची खरी," ते म्हणाले. "आणि तुम्ही टांकसाळीत लागलात कधी?"

"पंचावन्न साली."

म्हणजे चकती त्याआधीची असूच शकत नव्हती. डॉलर मागाहून पाडलेला. पेनॉकसाहेबांचा नव्हेच.

पेनॉकसाहेबांनी जबडा आवळला. बाई हे शपथेवर सांगतील का, असं त्यांनी विचारलं.

"हे लोक शपथ घेत नाहीत," ब्रिंटनसाहेब म्हणाले. "यांचा साधा शब्दच शपथेसारखा. सहीनं भागेल."

पोलिसाला जायला सांगण्यात आलं. बुटांची कुरकुर खालच्या दाराबाहेर जाऊन थांबली. ईनोसनं खिडकीवरून मान वळवून बहिणीकडे पाहिलं, पण नजर काही त्याला टिकवता आली नाही.

ब्रिंटनसाहेबांनी दोन ओळी लिहिल्या, कागद तिच्यापुढे सरकवला आणि लेखणी दौतीत बुडवून दिली.

हेस्टरचा डावा हात सवयीनं लेखणीकडे निघाला. तो तिनं वाटेतच अडवला, शालीखाली मांडीशी गच्च दाबून धरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा उजव्या हातानं, शाळेतल्या पोरीसारखं एकेक अक्षर जुळवत, आपलं नाव लिहिलं.