वर्कशॉपचा लाल बल्ब

मेन स्विच स्वयंपाकघरात पाहिजे, असं मंदाकिनीबाईंनी जाहीर केलं आणि रामकृष्णरावांच्या हातातला खडू थांबला.

तेलीबांध्याच्या त्या घरात मागच्या खोलीच्या भिंतीवर सकाळपासून खुणा चालल्या होत्या. रिटायर झालेल्या रावांना सुतारकामाचं वर्कशॉप काढायचं होतं. इथे रंध्याच्या मशीनचा पॉइंट, तिथे करवतीचा, शिवाय एक जास्तीचा, कधी लागलाच तर. इलेक्ट्रिशियन हरिदास प्रत्येक खुणेला ‘हव’ म्हणत होता. इतकं ऐकून घेणारा माणूस घरात पहिल्यांदाच आलेला, त्यामुळे स्वारी खुशीत होती.

"स्वयंपाकघरात काहून?" त्यांनी विचारलं.

बाईंचं म्हणणं सरळ होतं. मशीनच्या आवाजात हाक ऐकू जाणार नाही. जेवण तयार झालं की त्या इकडून लाइनच बंद करतील, मग माणूस आपोआप बाहेर येईल.

राव तापले. चालत्या करवतीची लाइन कोणी बंद करतं का? परत चालू केली की मशीन आपल्या मनानेच फिरायला लागेल आणि बोटं जातील. हरिदासलाही ते पटलं. बाईंचा चेहरा एवढासा झाला. नवरा आत्ता कुठे घरात सापडला होता आणि लगेच दार लावून घ्यायला निघाला होता. त्यांना ते फार लागलं.

तो चेहरा पाहून राव विरघळले. मग त्यांनीच तोड काढली. वर्कशॉपच्या टेबलासमोर, अगदी डोळ्यांपुढे, एक लाल बल्ब लावायचा. बटण स्वयंपाकघरात. बल्ब लागला की काम बंद.

"बल्ब देख के उठोगे क्या, अंकल?" हरिदासने विचारलं.

झालं! रावांची सगळी नोकरी रेल्वेचं इंजिन चालवण्यात गेलेली. त्यांनी हरिदासला चांगलंच फैलावर घेतलं. लाल म्हणजे लाल. धुकं असो, पाऊस असो, तो लाल जाईपर्यंत गाडी तसूभर हलत नाही. आपण जन्मात कधी लाल ओलांडला नाही आणि घरातही ओलांडणार नाही.

बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अन् तो बंद कोण करन?"

"तूच. बटण तुयाजवळच हाय ना."

बोलून गेल्यावर राव जरा थबकले. पण तोवर बाईंनी त्यांच्या हातातला खडू घेतला होता. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि जेवायच्या टेबलापाशी, आपल्या खुर्चीमागच्या भिंतीवर, बटणाची फुली मारून आल्या.

"इतकी वर्सं गाडी आउटर सिग्नलले उभी हाय म्हणून मी ताट झाकून बसली," त्या म्हणाल्या. "आता तुमी बसा माह्यापाशी."

हरिदासने वही काढली आणि हिरवा बल्बही लावायचा का, ते विचारलं.

"उसकी कोई जल्दी नहीं, भैया," बाई म्हणाल्या.